आपल्या चित्रांत पाऊस का पडत नाही?

गोव्यातल्या शहरांचे आराखडे करणारे वास्तुरचनाकार, नगररचनाकार, पालिका-पंचायतींचे अभियंते आणि सल्लागार मंडळी यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

माझे नाव तुम्हाला ठाऊक असण्याचे कारण नाही. पण तुमच्यातल्या काहींच्या ड्रॉइंगवर, उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत 'ड्रॉन बाय'च्या पुढे माझी दोन अक्षरे आहेत. चौतीस वर्षे मी पणजीत ड्राफ्टिंगचे, म्हणजे नकाशे रेखाटायचे, काम केले. पहिली दहा ट्रेसिंग पेपरवर, शाईने. चुकले की ब्लेडने खरडायचे, जास्त खरडले की कागदाला भोक, आणि भोक पडले की साहेबांचा ओरडा. प्रिंटच्या खोलीतला अमोनिया साडीत इतका मुरायचा की बसमध्ये शेजारची बाई पदर नाकाला लावायची. पुढची चोवीस वर्षे संगणकावर गेली. मागच्या मे महिन्यात काम सोडले. डोळे साथ देईनात.

घरी बसल्यावर माणसाला जुने हिशेब आठवतात. माझा एक हिशेब एका रेषेचा आहे. तो तुमच्याशी बोलल्याशिवाय मिटायचा नाही, म्हणून लिहिते.

गोव्यातल्या एका शहरात एक तिठा आहे. शहराचे नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर सगळी चर्चा तिथल्या नगरसेवकांवर जाईल आणि तुम्ही आम्ही सुटू. तिठ्याच्या मध्ये पिंपळ, आणि पिंपळाभोवती चिऱ्यांची पेड, म्हणजे पार. या तिठ्याचे सुशोभीकरण करायचे काम मी जिथे होते त्या ऑफिसकडे आले. सर्व्हेचे ड्रॉइंग आले. त्यात विजेचे खांब होते, मॅनहोल होती, गटाराच्या तळाची पातळी होती, दुकानांचे जोते होते, पिंपळाच्या खोडाचा घेरसुद्धा होता. पेडही होती, पण तिच्यावर शेरा होता : अनधिकृत बांधकाम. साहेब म्हणाले, ते काढून टाक. मी ती रेष निवडली आणि डिलीट दाबले. अर्धा सेकंद लागला असेल.

त्या पेडीवर काय चालते हे मला पक्के माहीत होते. अकरा वर्षे मी तिथूनच बस पकडत होते.

पहाटे साडेपाचला पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, सायकल पेडीला टेकवायचा आणि भोंगा दोनदा वाजवायचा. आजूबाजूच्या इमारतींतून माणसे पिशव्या घेऊन उतरायची, कुणाला उंडे, कुणाला पोई. सहाला पेपरवाले तिथेच गठ्ठे सोडून पुरवण्या आत घालायचे; पावसात वर निळी ताडपत्री. सातला वेर्ण्याच्या कारखान्यांच्या बसगाड्या. त्यांची वाट बघणाऱ्या मुली डबे मांडीवर घेऊन बसायच्या, एखादी दुसरीची वेणी घालून द्यायची. आठपासून पायलट, म्हणजे आमचे मोटरसायकल टॅक्सीवाले, सावलीच्या बाजूने रांगेत. दहाला पाटी घेऊन मासळीवाली. तिला तिथे बसायला बंदी होती, ती बसायची, आणि साडेबाराला उठताना दोन बादल्या पाणी ओतून पेड धुऊन जायची. दुपारी एक म्हातारे गृहस्थ, रोज तेच, हातात बँकेचे पासबुक. चारला चणे-शेंगदाणे. सातला रोस-ऑम्लेटचा गाडा. आणि अलीकडची चारपाच वर्षे रात्री दहाच्या पुढे जेवणाची पार्सले पोचवणारी पोरे, पाठीवरच्या चौकोनी पेट्या उतरवून, पाय लांब करून, घरी फोन लावत.

यातले काहीच सर्व्हेत नव्हते. असणार कसे? सर्व्हे करणाऱ्याच्या यंत्रापुढे माणूस आला की नजर अडते. तो हात करून सांगतो, जरा बाजूला व्हा. आपल्या कामाची सुरुवातच माणसाला बाजूला व्हायला सांगून होते, हे मला इतक्या वर्षांत कधी खटकले नव्हते.

सर्व्हेनंतर चित्र. काम मंजूर होते ते चित्रावर, प्लॅन कोण बघतो? चित्रात लावायला माणसे आयती मिळतात, संगणकात त्यांचा साठा असतो. त्यात हेल्मेट घातलेला सायकलस्वार आहे. बाबागाडी ढकलणारी गोरी बाई आहे. लाल फुगा धरलेली मुलगी आहे आणि एक सोनेरी केसांचा कुत्रा आहे, तो मी निदान साठ प्रकल्पांत फिरवला असेल. डोक्यावर पाटी घेतलेली बाई त्या साठ्यात नाही. लुंगीतला माणूस नाही. छत्री धरलेले कुणीच नाही. आकाश निळे, सावल्या डिसेंबरातल्या. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जूनपासून चार महिने शहर छत्रीखाली असते. पण चौतीस वर्षांत मी पाऊस पडत असलेले एकही चित्र केले नाही. कुणी मागितले नाही. आणि मलाही सुचले नाही, हे आधी कबूल करायला हवे.

लोकांचे म्हणणे ऐकायला बैठक ठेवली होती. कामाच्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, वातानुकूलित सभागृहात. ड्रॉइंगची गुंडाळी घेऊन मीही गेले होते. एकवीस माणसे मोजली, त्यातली आठ आमचीच. सादरीकरण इंग्रजीतून. मासळीवालीला कुणी बोलावले नव्हते, आणि बोलावले असते तरी अकरा ही तिची धंद्याची वेळ. एक निवृत्त मास्तर उठले आणि मराठीत विचारले, "पिंपळाखाली बसायची सोय काय?" उत्तर मिळाले की आम्ही अर्बन फर्निचर देत आहोत. मास्तर खाली बसले. अर्बन फर्निचर म्हणजे काय ते त्यांना कळले नसावे. मला त्याचा नगावरचा दर पाठ होता, एवढेच.

सतरा महिन्यांनी तिठा तयार झाला. पेडीच्या जागी ग्रॅनाइटची गोल कुंडी आली, तिची कड मुद्दाम उतरती, कुणी टेकू नये म्हणून. स्टीलची चार बाके आली ती उन्हात, कारण सावलीत केबलचे चेंबर बसले. एप्रिलमध्ये दुपारी त्या बाकावर कुणी बसून दाखवावे, मी त्याला माझ्या पैशांनी सोलकढी पाजीन. फुटपाथ कागदावर १.८ मीटर, इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शिका किमान तेवढी मोकळी रुंदी ठेवा म्हणते. पण आमच्या १.८ मीटरमध्ये खांब आला, विजेची पेटी आली, पाटीचा खांब आला, आणि मोकळे उरले ते दोन-अडीच फूट. वर प्रत्येक गेटापाशी फुटपाथ खाली उतरतो आणि पुन्हा चढतो. माझी आई एक्याऐंशीची. ती तिसऱ्या चढावर थांबली, म्हणाली, "हा रस्ता आहे की म्हार्दोळची घाटी?" आणि खाली उतरून गाड्यांमधून चालायला लागली. तीच काय, सगळेच तसे चालतात.

विक्रेत्यांना मागच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर ओटे दिले होते. मासळी घ्यायला जिना कोण चढतो? महिनाभरात सगळे खाली आले. गाड्या फुटपाथवर चढू नयेत म्हणून आम्ही बोलार्ड लावले होते. पहिल्या पावसात त्यांना दोऱ्या बांधून ताडपत्र्या ताणल्या गेल्या. इतके सोयीचे खांब त्या लोकांना पूर्वी कधीच मिळाले नव्हते. मग अधूनमधून ट्रक येतो, पाट्या उचलून नेतो, आणि दुसऱ्या दिवशी पाट्या परत.

जुलैमध्ये एकदा मी तिथे बांगडे घेत होते. मासळीवाली मला ओळखत नव्हती, आणि ती रेष कुणी खोडली हे तिला कळायचा प्रश्नच नव्हता. ट्रक येऊन गेल्याचे सांगत सांगत ती म्हणाली, "बाये, पावस आयलो जाल्यार हांव खंय बसूं?" त्या जागेचे दहा तरी प्लॅन मी माझ्या हाताने काढले होते. पाऊस आला तर तिने कुठे बसायचे, हे त्यातल्या एकातही नव्हते.

तुम्ही म्हणाल, बाई, हे आम्हाला कळत नाही असे वाटते का? तसे मला वाटत नाही. तुमच्यातले बरेच जण तिशीतले आहेत, चांगल्या कॉलेजांतून आलेले, पायी चालणाऱ्यांबद्दल तळमळीने बोलणारे. तुमच्या बरोबर मी रात्री दोनपर्यंत बसले आहे. गाडे अडते ते पुढे. वर्क ऑर्डर आली की डीपीआरला, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवालाला, मुदत जेमतेम. मार्चअखेर निधी खर्ची पडला पाहिजे. अंदाजपत्रकात कर्ब रनिंग मीटरवर, पेव्हर चौरस मीटरवर, दिवे नगावर. सल्लागाराची फी पुष्कळदा कामाच्या किमतीच्या टक्क्यांत. म्हणजे ‘पेड आहे तशी ठेवा, फक्त एक नळ द्या’ असा सल्ला जो देईल, त्याला नळाच्या किमतीचा टक्का मिळणार. आणि चार दिवस पेडीवर बसून नुसते बघत राहायचे, या कामाला अंदाजपत्रकात कलमच नाही. त्याचे एकक काय लिहिणार?

कायद्याने हे सुचवलेले नाही असेही नाही. पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा सांगतो की आधी विक्रेत्यांची पाहणी करा, ती निदान पाच वर्षांतून एकदा. नगर विक्रेता समितीत निदान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांमधले निवडून आलेले हवेत, त्यांत तिसरा हिस्सा बायकांचा. पाहणी पुरी होईपर्यंत कुणाला उठवायचे नाही. आमच्या टेबलावर सतरा परवानग्यांची यादी असायची, अग्निशमनापासून वनखात्यापर्यंत. या समितीचे नाव त्या यादीत मी तरी पाहिले नाही.

जागा ओळखून काम करणे हे कुठल्या परदेशातून शिकायचे आहे असेही नाही. आपली खाजने, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेते, बघा. खाडीच्या खाऱ्या पाण्याला बांध, बांधात पाणी सोडायची मानस, मानशीला लाकडी दारे. भरती चढली की पाण्याच्याच जोराने दारे मिटतात, ओहोटी लागली की आतले पाणी त्यांना ढकलून बाहेर पडते. बटण नाही, ऑपरेटर नाही. ज्या गावकऱ्यांनी हे बसवले त्यांनी आधी किती पौर्णिमा-अमावास्या काठावर बसून काढल्या असतील? आणि त्याच खाडीकाठची आपली राजधानी. पणजी दलदलीवर भराव घालून वसवली, १८४३ पासून राजधानी म्हणून मिरवते. पणजी आणि रायबंदर जोडणारा जुना बांधरस्ता तर सतराव्या शतकातला, तो अजून बसगाड्या पेलतो. आज धो धो पाऊस आणि मांडवीला भरती एका वेळी जमली की गटारांतले पाणी नदीत जायचे सोडून रस्त्यावर येते. पणजीतल्या ‘अठरा जून’ नावाच्या रस्त्यावरच्या दुकानदारांना ते सांगावे लागत नाही, त्यांच्या मालाची खालची फळी जूनमध्येच रिकामी होते. आपल्या ड्रॉइंगवर मात्र गटाराचा बाण कायम नदीकडे.

कांपालची कला अकादमीही आठवा. चार्ल्स कोरिया यांनी ती बांधली तेव्हा रस्त्यावरून नदीकडे जाणाऱ्या माणसाच्या वाटेत दार ठेवले नाही. नाटकाचे तिकीट नसलेला माणूसही तिथून चालत जाऊन काठावर बसू शकत होता. मी लग्नाआधी तिथे किती संध्याकाळी बसले आहे ते इथे लिहीत नाही. सांगायचे एवढेच की मोठा वास्तुरचनाकार सुद्धा आधी माणसाची चाल बघतो, भिंत मग.

लोकांना नकाशा कळत नाही, हे मी ऑफिसात शंभर वेळा ऐकले. चूक आहे. २००६ मध्ये गोव्यातली कुठली जमीन कशासाठी हे ठरवणारा ‘प्रादेशिक आराखडा २०११’ आला आणि गावोगावच्या माणसांनी तो भिंगातून वाचला. कुठे डोंगर पिवळा झालाय, कुठे शेत वसाहतीच्या रंगात गेलेय, हे त्यांनीच शोधले. आंदोलन इतके पेटले की जानेवारी २००७ मध्ये सरकारला आराखडा मागे घ्यावा लागला. पुढच्या, २०२१ च्या आराखड्याच्या कृतिदलात कोरियाही होते. त्याचे मसुदे पंचायतींत लागले, गावच्या समित्यांनी त्यावर लाल पेनने खुणा केल्या. माझ्या माहेरच्या गावात एका काकींनी नकाशावर बोट ठेवून सांगितले होते, "ही माझी बाव, ही तुम्ही रस्त्यात टाकली." तिला सर्व्हे नंबर वाचता येत नव्हता. विहीर, तिच्यापासूनचा वहाळ आणि वहाळापलीकडची घुमटी या क्रमाने तिने जागा बरोबर ओळखली होती. तो २०२१ चा आराखडा २०११ मध्ये लागू झाला. पुढे नगरनियोजन कायद्यात कलमांमागून कलमे घालून त्याचे रंग एकेका भूखंडापुरते बदलायला सुरुवात झाली. त्यातल्या कलम १७(२) च्या नियमांवर मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने बोळा फिरवला. त्या राजकारणात मी जात नाही, माझा तो वकूब नाही. पण लाल पेनच्या त्या खुणा आठवल्या की वाईट वाटते.

आणि स्मार्ट सिटी. २०१६ मध्ये पणजीची निवड झाली तेव्हा ऑफिसात पेढे वाटले होते. मग रस्ते खणले, बुजवले, पुन्हा खणले. धूळ अशी की दुकानदार दुपारी शटर अर्धे ओढून बसत. २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी स्वतः रस्त्यावर येऊन पाहणी केली. यावर इतके लिहून झाले आहे की मी थांबते.

आता उलट बाजू. नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारी बाई जुन्या दिवसांची आसवे गाळते आहे.

मीही बदलले आहे. पर्वरीत तिसऱ्या मजल्यावर राहते, खाली स्टिल्टमध्ये गाड्या. आमच्या जुन्या घराला दारापुढे सोपे होते, दोन्ही बाजूंना; संध्याकाळी त्यावर बसले की येणारा-जाणारा थांबायचा. स्टिल्टच्या खांबांमध्ये कोण थांबणार? पूर्वी मे महिन्यात पुरुमेत भरायचे, सुके बांगडे, सोले, मिरच्या, वर्षाचे तांदूळ. आज फ्लॅटमध्ये ते ठेवायला जागा नाही आणि दुकान बारा महिने फोनमध्ये आहे. मीही फोनवरून भाजी मागवते. घेऊन येणारा पोरगा वीसबावीसचा, झारखंडचा. इमारतीत त्याला पाणी प्यायला सुद्धा जागा नाही, लिफ्ट वापरू नका अशी पाटी मात्र आहे. समोरच्या ब्लॉकमध्ये सहा घरे अशी की मुले लंडन-लिस्बनला आणि आईवडील एकटे. त्यांना दिवसातून एकदा कुणीतरी दिसावे म्हणून ते बाजाराला जातात, भाजी निमित्तमात्र. कोविडनंतर दिल्ली-बंगळूरहून लॅपटॉप घेऊन आलेली मंडळी आहेत. कुत्रा फिरवायला त्यांना सकाळी सहाचा मोकळा रस्ता लागतो, आणि तो त्यांना पोदेराबरोबर वाटून घ्यावा लागतो.

बाजाराची वेळसुद्धा सरकली. नवराबायको दोघेही कामाला, मग मासळी सकाळी दहाला कोण घेणार? आता ती संध्याकाळी साडेसहाला, घरी परतताना, स्कूटर न बंद करता घेतली जाते, आणि कापून, धुऊन. म्हणजे विक्रेतीला आता दिवा हवा, नळ हवा, सुरी चालवायला ओटा हवा, आणि समोर दोन मिनिटे स्कूटर थांबेल अशी जागा हवी. आपले दिवे असतात रस्त्याच्या मध्यावर, उंच, गाड्यांसाठी. फुटपाथवर अंधार. बायका चार्जिंगचे बल्ब पाटीला टांगून बांगडे कापतात. बदललेल्या जगण्यासाठी आम्ही शहर नव्याने घडवतो आहोत, असे आपण प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानावर लिहितो. काय बदलले ते मोजलेय कुणी?

माझ्या पर्वरीचीच गोष्ट घ्या. २०११ च्या जनगणनेत गोव्याची ६२.१७ टक्के लोकसंख्या शहरी निघाली, देशातल्या सगळ्या राज्यांत जास्त. पण त्या जनगणनेने मोजलेल्या सत्तर शहरांपैकी पालिका-महापालिका असलेली फक्त चौदा. उरलेल्या छप्पन्न ठिकाणी माणसे शहरासारखी राहतात, कारभार पंचायतीचा. पंचायतीकडे स्वतःचा नगररचनाकार नसतो. एकेका भूखंडाचा प्लॅन पास होतो. दोन भूखंडांच्या मधल्या जागेचा, म्हणजे जिथे आपण चालतो, थांबतो, बोलतो त्या जागेचा, प्लॅन कुणीच करत नाही. विधानसभा आमच्या दारात, सचिवालय दारात, आणि माझ्या इमारतीपासून औषधाच्या दुकानापर्यंत सलग पन्नास पावले फुटपाथ नाही.

मार्च २०२५ मध्ये आमच्याकडे उड्डाणपुलाच्या कामासाठी खाप्रेश्वराचा जुना वड मुळासकट काढून दुसरीकडे नेला. लोक आडवे आले, रडले, रागावले. पूल हवा की नको यावर आमच्या घरात दोन मते आहेत. रोज तासभर गाडीत अडकणारा माझा मुलगा पुलाच्या बाजूचा. मला आठवत होता तो सर्व्हेचा तक्ता. झाड क्रमांक, जात, घेर, उंची. या झाडाखाली गावचा राखणदार आहे, नवी गाडी घेतली की लोक आधी इथे नारळ ठेवतात, हे लिहायला त्या तक्त्यात रकाना नसतो. जे रकान्यात नाही ते ऐन वेळी माणसे अंगाने आडवी पडून दाखवतात. मग आपण म्हणतो, लोक विकासाला विरोध करतात.

तेव्हा माझे मागणे. सर्व्हेच्या ड्रॉइंगबरोबर आणखी एक शीट जोडा : त्या जागेचा वापर. तिला ड्रॉइंग नंबर द्या, सहीची चौकट द्या, म्हणजे ती कुणाला अर्ध्या सेकंदात खोडता येणार नाही. पहाटे पाच ते रात्री अकरा, कोण, कुठे, किती वेळ, कशासाठी. एकदा भर पावसात आणि एकदा सणाच्या दिवसांत. आणि या कामाचे पैसे अंदाजपत्रकात वेगळे कलम घालून द्या, किमतीच्या टक्क्यात नको. फुकटात करायला सांगाल तर माझ्यासारखी एखादी मुलगी रात्री दोन वाजता ऑफिसात बसून गेल्या प्रकल्पाची शीट नाव बदलून चिकटवेल. मी ते केलेले आहे.

आणि बैठक सभागृहात नको. निविदेच्या आधी त्याच जागेवर, संध्याकाळी सातला, चुन्याच्या फक्कीने पूर्ण मापात आखा. इथे कुंडी, इथे बाक, इथे बोलार्ड. प्लॅन न कळणाऱ्यालाही फक्की कळते, घराचा पाया आखताना प्रत्येकाने ती पाहिलेली असते. मासळीवाली त्या रेषेत पाटी ठेवून बघेल, माझी आई त्यावरून चालून बघेल, पोदेर सायकल वळवून बघेल. जे जमणार नाही ते तिथल्या तिथे पायाने पुसता येईल. बोला मराठीत, कोंकणीत, हिंदीतही बोलायला लागेल, कारण गाडेवाल्यांतले अर्धे आता बेळगाव-विजापूरपलीकडचे आहेत.

नुसते मागून मोकळी होत नाही. यंदा गणेश चवथीच्या दोन दिवस आधी मी म्हापशाच्या बाजारात माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या रानफळांच्या, सामानाचा नकाशा काढणार आहे. कांगलां, माट्टुळां, घागऱ्यो, तोरंजन, सुपारीचे घोस, केवणीचे दोर घेऊन रानाकाठच्या गावांतल्या बायका पहाटेच्या बसने उतरतात आणि दोन दिवसांपुरता एक बाजार उभा राहतो. कोण कुठे बसते, दरवर्षी तीच जागा तिला कशी मिळते, वाटेत किती रुंदी सोडतात, पाऊस आला की कुठल्या पागोळीखाली सरकतात, हे मला मापात हवे आहे. एकटीने होणारे काम नाही. टेपचे दुसरे टोक धरायला कुणीतरी लागते.

तुमच्यातले कुणी येणार असेल तर सकाळी साडेपाचला बाजाराच्या मुख्य दारापाशी या. टेप माझ्याकडे तीस मीटरचा आहे, कागद आहे, पाटी आहे. ट्रेसिंग पेपर आणू नका, भिजतो. छत्री मात्र आपापली आणा.

आपली,
एक ड्राफ्ट्सवुमन, पर्वरी